बिल्ड हिरवा झाला, पण ॲक्सेप्टन्स टेस्ट चालल्या का?

या वेळच्या प्रश्नोत्तरांत एकच विषय घेतला आहे : ॲक्सेप्टन्स टेस्ट बिल्डचाच भाग म्हणून आपोआप चालवणं. बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवण्याची प्रक्रिया; तो पास झाला की हिरवा, फेल झाला की लाल दिसतो. ग्राहकाला कबूल केलेली गोष्ट तयार सॉफ्टवेअर खरोखर करतं का, हे या टेस्ट तपासतात. उत्तरांत जिथे उदाहरण लागलं तिथे पतसंस्थेच्या मुदत ठेवीचा हिशेब घेतला आहे. तो सगळ्यांना कळतो, आणि एका दिवसाची चूकही त्यात पैशांत दिसते.

प्रश्न : आमचा जावा प्रकल्प मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनावर आहे. युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या) प्रत्येक बिल्डला चालतात. ॲक्सेप्टन्स टेस्ट मात्र रिलीजच्या आदल्या दिवशी एक सहकारी स्वतःच्या मशीनवरून चालवतो. त्या जेंकिन्सवरच्या (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या) बिल्डमध्ये घातल्या, तर ॲप्लिकेशन सुरूच झालेलं नसतं आणि सगळ्या फेल होतात. नेमक्या कुठे जोडायच्या? (पुणे)

उत्तर : तुम्ही त्या बहुधा ‘टेस्ट’ या टप्प्यावर जोडल्या आहेत. मेव्हनच्या क्रमात आधी कंपाइल, मग टेस्ट आणि त्यानंतर पॅकेज येतं. ‘टेस्ट’ टप्पा चालतो तेव्हा जार किंवा वॉर फाइल (ॲपचं तयार पॅकेज) बनलेलीच नसते, त्यामुळे सुरू करायला हातात काही नसतं. ॲक्सेप्टन्स टेस्टची जागा पॅकेजनंतर आहे आणि तिथे चार टप्पे ओळीनं ठेवलेले आहेत : प्री-इंटिग्रेशन-टेस्ट, इंटिग्रेशन-टेस्ट, पोस्ट-इंटिग्रेशन-टेस्ट आणि व्हेरिफाय. पहिल्यात डेटाबेस आणि ॲप्लिकेशन उभं करायचं, दुसऱ्यात टेस्ट चालवायच्या, तिसऱ्यात उभं केलेलं सगळं बंद करायचं आणि चौथ्यात निकाल बघून बिल्ड पास की फेल ते ठरवायचं.

युनिट टेस्ट शुअरफायर हे प्लगइन (मेव्हनला जोडलेला पूरक भाग) चालवतं. या टेस्टसाठी त्याचं भावंड आहे, फेलसेफ. शुअरफायर टेस्ट फेल झाली की बिल्ड तिथेच थांबवतं. फेलसेफनं तसं केलं असतं तर तिसरा टप्पा आलाच नसता आणि सर्व्हर, डेटाबेस तसेच चालू राहिले असते. म्हणून ते निकाल टार्गेट फोल्डरमधल्या फेलसेफ-रिपोर्ट्समध्ये लिहून ठेवतं, आवराआवर होऊ देतं आणि मग व्हेरिफायला बिल्ड पाडतं. त्यामुळे कमांड नेहमी ‘एमव्हीएन व्हेरिफाय’ द्यायची. ‘एमव्हीएन इंटिग्रेशन-टेस्ट’ दिली तर मेव्हन दुसऱ्या टप्प्यावर थांबतं. मागे सर्व्हर जिवंत राहतो आणि पुढच्या बिल्डला पोर्ट (ॲपशी बोलायचा मशीनवरचा क्रमांक) अडलेलं सापडतं.

पॉम फाइलीत (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलीत) फेलसेफचे ‘इंटिग्रेशन-टेस्ट’ आणि ‘व्हेरिफाय’ हे दोन्ही गोल (प्लगइनला सांगायची कामं) लिहावे लागतात. इथे फार मोठी फसगत होते. दुसरा गोल लिहायचा राहिला तर टेस्ट चालतात, फेल होतात, लॉगमध्ये लाल अक्षरंही दिसतात आणि तरी बिल्ड हिरवा होतो, कारण निकाल वाचणारं कुणी नसतं. जोडणी झाल्यावर मुद्दाम एक टेस्ट चुकीची करून बघा आणि बिल्ड पडतो याची खात्री करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असं म्हणू नका.

क्लासच्या नावांकडेही बघा. फेलसेफ नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘आयटी’, अथवा शेवटी ‘आयटीकेस’ असलेले क्लास उचलतं. ‘ठेवटेस्ट’ अशा धर्तीचं नाव ठेवलंत तर तो क्लास शुअरफायर उचलेल, तोही ॲप उभं राहण्याच्या आधी. तुमच्याकडे सगळ्या टेस्ट फेल होण्याचं कारण हेच असण्याची शक्यता दाट आहे.

ॲप उभं करताना पोर्ट ८०८० असं ठोकून बसवू नका. एकाच जेंकिन्स मशीनवर दोन बिल्ड एकाच वेळी आले की दुसरा पडतो. बिल्ड-हेल्पर प्लगइन मोकळं पोर्ट राखून त्याचा क्रमांक एका प्रॉपर्टीत देतं. तीच प्रॉपर्टी ॲपला आणि टेस्टला, दोघांनाही द्या. ॲप तयार झालं का हे ठरावीक वीस सेकंद थांबून ठरवायचं नसतं. ॲपच्या हेल्थ पत्त्यावर (ॲप ठीक आहे का ते सांगणाऱ्या) दर सेकंदाला विचारा, २०० म्हणजे ‘ठीक’ असं उत्तर आलं की पुढे जा, साठ सेकंदांत आलं नाही तर बिल्ड पाडा.

स्प्रिंग बूट (जावा ॲप बनवायची चौकट) वापरणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. त्याच्या मेव्हन प्लगइनचा ‘स्टार्ट’ गोल सोयीचा आहे, पण तो क्लासेस फोल्डरमधून ॲप चालवतो, बनलेल्या जारमधून नाही. ग्राहकाकडे जार किंवा डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा) जाणार असेल तर टेस्टही तिच्यावरच चालल्या पाहिजेत. पॅकिंगमध्ये राहून गेलेली फाइल एरवी थेट ग्राहकाकडेच कळते.

प्रश्न : आमच्याकडे वरचं सगळं केलेलं आहे. बिल्ड रोज हिरवा असतो. तरी मागच्या रिलीजमध्ये जी चूक गेली, तिची टेस्ट आमच्याकडे होती! हे कसं होतं? (नाशिक)

उत्तर : कारणं बरीच असू शकतात, पण तीन ठिकाणी आधी बघा.

पहिलं म्हणजे, टेस्ट चाललीच नसेल. शून्य टेस्ट सापडल्या तरी फेलसेफ तक्रार न करता पुढे जातं. जेयुनिट ५ वर (टेस्ट लिहायच्या जावा लायब्ररीवर) आलात आणि प्लगइनची आवृत्ती २.२२.० पेक्षा जुनी राहिली, तर असंच होतं. जेयुनिटच्या नव्या मंचाला थेट आधार त्या आवृत्तीपासून आहे. टेस्ट नाहीत तर बिल्ड पाडा, अशी सेटिंग प्लगइनमध्ये आहे, ती चालू करा. शिवाय जेंकिन्सवर टेस्टच्या संख्येचा आलेख बघायची सवय लावा. २१० वरून १६० झाल्या तर कुणीतरी ते विचारलं पाहिजे.

दुसरं, जेंकिन्सच्या पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या पायऱ्यांच्या मालिकेत) ‘टेस्ट फेल्युअर इग्नोर’ ही प्रॉपर्टी आहे का ते शोधा. नमुना म्हणून फिरणाऱ्या अनेक फाइलींत ती असते. हेतू चांगला असतो : मेव्हननं मध्येच थांबू नये आणि रिपोर्ट गोळा व्हावेत. पण मग टेस्ट फेल झाल्यावर बिल्ड लाल होत नाही, रिपोर्ट वाचणारी पायरी त्याला ‘अनस्टेबल’ म्हणजे पिवळा करते, आणि पाइपलाइन थेट डिप्लॉयच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याच्या, पायरीपर्यंत चालत जाते. प्रॉपर्टी काढा आणि रिपोर्ट गोळा करणं ‘पोस्ट’ भागातल्या ‘ऑलवेज’मध्ये ठेवा. बिल्ड पडला तरी तो भाग चालतो. तिथे शुअरफायर आणि फेलसेफ दोघांचेही रिपोर्ट फोल्डर द्या. बऱ्याच ठिकाणी पहिलाच दिलेला असतो.

तिसरं, कमांडमध्ये कुणी घाईत ‘स्किपटेस्ट्स’ लिहून गेलं आहे का ते बघा. त्यानं दोन्ही प्रकारच्या टेस्ट वगळल्या जातात. ‘स्किपआयटीज’नं फक्त फेलसेफच्या वगळल्या जातात. डेव्हलपरला आपल्या मशीनवर दुसरी वापरायला हरकत नाही, जेंकिन्सवर मात्र दोन्ही नकोत.

प्रश्न : ठेव मुदतीआधी मोडल्यावर व्याज बरोबर येतं का याची टेस्ट दिवसा नेहमी पास होते आणि रात्री दोनच्या बिल्डला फेल होते. अपेक्षित व्याज १,३७१.२३ रुपये, रात्री येतं १,३६३.७०. कोड तोच, डेटा तोच. (सांगली)

उत्तर : आकड्यांनीच उत्तर दिलं आहे. ५०,००० रुपये, साडेपाच टक्के, १८२ दिवस, असा हिशेब केला की १,३७१.२३ येतात. १८१ दिवस धरले की १,३६३.७०. म्हणजे रात्री तुमचं ॲप्लिकेशन एक दिवस मागे असतं.

कंटेनरचं (ॲप ज्यात चालतं त्या डॉकरच्या डब्याचं) घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आहे. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची तारीख कालचीच असते. तुमची टेस्ट भारतीय वेळेनं ‘आजपासून १८२ दिवसांपूर्वी’ ठेव उघडते, ॲप ती यूटीसीच्या ‘आज’ मोडतं, आणि एक दिवस गळतो. रात्रीचा बिल्ड नेमका याच साडेपाच तासांत येतो म्हणून ही चूक तिथेच दिसते. संध्याकाळी सातला चालवलात तर कधीच दिसणार नाही.

टेस्टच्या जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) कोलकाता टाइमझोन दिला की काम झालं, असं समजू नका. फेलसेफ टेस्टसाठी वेगळी जेव्हीएम उघडतं. तिला दिलेली सेटिंग ॲपला लागू होत नाही आणि डेटाबेसलाही नाही. तिन्ही ठिकाणी तीच सेटिंग स्वतंत्रपणे द्या. आणि आधी हे ठरवा की चूक टेस्टमध्ये आहे की ॲपमध्ये. प्रॉडक्शनचा, म्हणजे खातेदार प्रत्यक्ष वापरतात तो, सर्व्हरही यूटीसीवर असेल, तर रात्री साडेबाराला मोबाइलवरून ठेव मोडणाऱ्या खातेदाराला एका दिवसाचं व्याज खरंच कमी मिळणार. तसं असेल तर या टेस्टनं आपलं काम चोख केलं आहे. टाइमझोन बदलून तिला गप्प करण्याआधी प्रॉडक्शनची सेटिंग उघडून बघा.

कायमचा उपाय म्हणजे ‘आज’ ही गोष्ट कोडमध्ये थेट विचारायची नाही. जावाचा ‘क्लॉक’ बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये तारीख पक्की करा : ठेव २ एप्रिल २०२५, मोडली १ ऑक्टोबर २०२५, दिवस १८२. मग ‘आज’ काय आहे यानं फरक पडत नाही. लगेच त्याच्या शेजारी सीमेवरची टेस्टही लिहा. १८० दिवसांना व्याजदराचा टप्पा बदलत असेल तर १७९, १८० आणि १८१ अशा तिन्ही घ्या. आणि उघडल्याचा व मोडल्याचा असे दोन्ही दिवस मोजायचे की एकच, हे संस्थेच्या व्यवस्थापकाकडून लेखी घ्या. दोन्ही मोजले तर १८३ दिवस होतात आणि व्याज १,३७८.७७ येतं. या साडेसात रुपयांवर खातेदार काउंटरवर भांडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

प्रश्न : खातेदाराचं नाव स्क्रीनवर बरोबर दिसतं, टेस्टमधलं नावही तेच आहे. तरी ‘अपेक्षित गोऱ्हे, मिळालं गोऱ्हे’ असा एरर येतो. आम्ही डोळे फाडून बघितलं, फरक सापडत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : डोळ्यांना सापडणारही नाही, कारण फरक अक्षरामागच्या युनिकोड क्रमांकांत आहे. आपला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो : यू+०९३१ हे एकच अक्षर, किंवा साधा र म्हणजे यू+०९३० आणि त्यामागे नुक्ता यू+०९३सी. युनिकोडच्या नियमानं हे दोन्ही समान मानले जातात, पण जावाची साधी तुलना त्यांना वेगळं ठरवते. दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या एकसारख्या रूपात आणल्या की ही अडचण संपते. हे काम टेस्टमध्ये करू नका, ॲपमध्ये नाव साठवतानाच करा. नाहीतर काउंटरवर नाव शोधायला गेल्यावर खातेदार सापडणार नाही.

पण एनएफसीनं सगळं सुटत नाही. काही कीबोर्डवर ‘ऱ्य’ लिहिताना र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, यू+२००डी, अशी मालिका बनते. दिसायला तोच ऱ्य, पण युनिकोड त्याला समान मानत नाही. ‘ॲ’चंही तसंच : यू+०९७२ हे एक अक्षर, किंवा अ यू+०९०५ वर चंद्र यू+०९४५. या जोड्यांसाठी आपला बदल-तक्ता लिहावा लागतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘गोऱ्हे’, ‘ॲड.’ असे दहा-पंधरा शब्द दोन्ही रूपांत टाइप करून टेस्टच्या डेटात कायमचे ठेवा. मराठी नावं घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात ही छोटी फाइल असायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि स्क्रीनशॉटमध्ये मराठीऐवजी चौकोन दिसत असतील तर तो वेगळाच दोष आहे. कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. इमेज बनवताना नोटो सान्स देवनागरी घाला.

प्रश्न : टेस्ट व्यवस्थापकांना वाचता याव्यात म्हणून क्युकंबर (साध्या वाक्यांत टेस्ट लिहायचं साधन) वापरायचा विचार आहे. मराठीत लिहिता येतं का? (सोलापूर)

उत्तर : येतं. क्युकंबरच्या घर्किन भाषेला मराठी शब्द माहीत आहेत. फाइलीच्या पहिल्या ओळीत भाषा ‘एमआर’ असल्याची टीप द्यायची. त्यानंतर वैशिष्ट्य, पार्श्वभूमी, परिदृश्य, जर, जेव्हा, मग, आणि, पण हे शब्द चालतात. नमुना असा :

वैशिष्ट्य: मुदत ठेव मुदतीआधी मोडणे
परिदृश्य: सहा महिन्यांनंतर मोडलेली ठेव
जर ५०००० रुपयांची ठेव २ एप्रिल २०२५ रोजी १२ महिन्यांसाठी उघडली आहे
आणि १८० दिवसांपुढच्या ठेवीचा दर ६.५ टक्के आहे
आणि मुदतीआधी मोडल्यास दरातून १ टक्का कपात आहे
जेव्हा खातेदार १ ऑक्टोबर २०२५ रोजी ठेव मोडतो
मग त्याला १३७१.२३ रुपये व्याज मिळते

व्यवस्थापक हे वाचून ‘कपात आपण एक नाही, अर्धा टक्का करतो’ असं सांगू शकले, तर खटाटोप सार्थकी लागला. पण ‘जेव्हा मेनूवर क्लिक केलं, आणि ठेव निवडली, आणि निळं बटण दाबलं’ असं लिहिलंत तर ते दुसऱ्या ओळीपुढे वाचणार नाहीत. बटणाचा रंग बदलला की चाळीस परिदृश्यं पडतील ते वेगळंच. कुठे क्लिक करायचं हे स्टेपच्या, म्हणजे त्या वाक्यामागच्या, जावा कोडमध्ये राहू द्या.

आकड्यांबाबत : इथे छापताना मराठी अंक आले आहेत, फाइलीत इंग्रजी अंक ठेवा आणि स्वल्पविराम देऊ नका. पूर्णांकासाठीची क्युकंबरची तयार जागा ‘५०,०००’ असं लिहिलेलं घेत नाही.

मराठी स्टेप लिहिल्या की एन्कोडिंगचा (अक्षरं फाइलीत साठवायच्या पद्धतीचा) प्रश्न येतोच. फीचर फाइल युटीएफ-८ मध्येच वाचली जाते, पण जावा फाइलीतल्या मराठी ओळी मेव्हन कोणत्या एन्कोडिंगनं कंपाइल करणार, हे सांगावं लागतं. पॉममध्ये सोर्स एन्कोडिंग युटीएफ-८ लिहा. नाहीतर जावा १८ च्या आधीच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टमचं एन्कोडिंग धरतात, विंडोजवर मराठीचा चुराडा होतो आणि स्टेप ‘सापडली नाही’ असं येतं. लिनक्स एजंटवर (जेंकिन्ससाठी बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) लॅंग ही सेटिंग नुसती ‘सी’ असेल तर लॉगमध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘सी.युटीएफ-८’ द्या. क्युकंबरची जुनी आवृत्ती असेल तर ‘स्ट्रिक्ट’ चालू आहे ना ते बघा. नसेल तर न लिहिलेली स्टेप असलेलं परिदृश्यही बिल्ड पाडत नाही.

एक खरं सांगायला हवं. व्यवस्थापक, लेखापाल, कुणीही या फाइली वाचणार नसतील, तर क्युकंबर घेऊ नका. प्रत्येक वाक्यामागे एक स्टेप सांभाळावी लागते. फक्त डेव्हलपरच वाचणार असतील तर साधा जेयुनिट आणि नीट नावं दिलेल्या मेथड पुरतात.

प्रश्न : ३०० ब्राउझर टेस्टना अडीच तास लागतात. त्यामुळे त्या प्रत्येक कमिटला (कोडमधला बदल नोंदवल्यावर) चालवता येत नाहीत. मशीन मोठं घ्यावं का? (ठाणे)

उत्तर : मशीनआधी घड्याळ घ्या. ३०० टेस्ट अडीच तासांत म्हणजे एका टेस्टला सरासरी तीस सेकंद. कोणत्याही पाच टेस्ट निवडा आणि कोणत्या पायरीला किती वेळ जातो ते लिहा. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त वेळ लॉगिन आणि तयारीत जातो : खातेदार तयार करा, केवायसी भरा, खातं उघडा, आणि मग कुठे ठेव मोडायची वेळ येते. समजा यात अठरा सेकंद गेले. ही तयारी स्क्रीनवरून न करता एपीआयला (एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याशी बोलायच्या दाराला) थेट विनंती पाठवून केली की एका सेकंदात होते. लॉगिनही एपीआयनं करून सेशनची कुकी ब्राउझरला देता येते. मग एका टेस्टला तेरा सेकंद, ३०० टेस्टना पासष्ट मिनिटं. चार ब्राउझर समांतर चालवले की सतरा मिनिटांच्या आसपास. लॉगिनचा स्क्रीन तपासणाऱ्या दोन-तीन टेस्ट मात्र खऱ्या स्क्रीनवरूनच ठेवा.

समांतर चालवल्याबरोबर काही टेस्ट पडू लागतील. ‘खातेदार क्रमांक १०१’ सगळ्या वापरत असतात आणि एकीनं काढलेले पैसे दुसरीच्या शिलकीत कमी दिसतात. प्रत्येक टेस्टनं आपला खातेदार आपण तयार करायचा, नावापुढे वेगळा क्रमांक लावायचा आणि ‘यादीत पाच ठेवी आहेत’ असं न तपासता ‘माझी ठेव यादीत आहे’ असं तपासायचं.

डॉकरमध्ये क्रोम मध्येच कोसळत असेल तर सामायिक मेमरी बघा. डॉकर ती मुळात ६४ एमबी देतं आणि क्रोमला ती पुरत नाही. २ जीबी द्या. विंडोचा आकारही सांगा, कारण बिनपडद्याचा क्रोम अनेकदा ८०० बाय ६०० धरतो. त्यात मेनू आक्रसतो आणि बटण ‘क्लिक करता येत नाही’ असा एरर येतो. ठरावीक सेकंद झोपणाऱ्या ओळी शोधून काढा. त्या जागी हवी ती गोष्ट दिसेपर्यंत थांबणारा वेट घाला. सेलेनियममध्ये (ब्राउझर चालवणाऱ्या साधनात) इम्प्लिसिट (सगळीकडे आपोआप लागू होणारा) आणि एक्स्प्लिसिट (एकाच गोष्टीसाठी लिहिलेला) वेट एकत्र करू नका, थांबण्याचा वेळ बेभरवशाचा होतो.

एवढं झाल्यावर पाइपलाइनचे दोन भाग करा. पहिला कंपाइल, युनिट टेस्ट आणि पॅकेज, दहा मिनिटांच्या आत. तो हिरवा झाला की तीच जार फाइल दुसऱ्या भागाला द्या, पुन्हा बिल्ड करू नका. दुसरा भाग ॲक्सेप्टन्स टेस्टचा. आणि व्याजाचे चाळीस वेगवेगळे हिशेब ब्राउझरमधून तपासत असाल तर ते खाली एपीआय किंवा युनिट पातळीवर न्या. स्क्रीनवरून एक-दोन पुरेत.

प्रश्न : अधूनमधून फेल होणाऱ्या टेस्ट आपोआप पुन्हा चालवाव्यात का? टीममध्ये यावर एकमत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधी हिशेब बघा. २०० टेस्ट, त्यातली प्रत्येक ९९.५ टक्के वेळा बरोबर चालते. ऐकायला छान वाटतं. पण सगळ्या एकाच वेळी पास होण्याची शक्यता फक्त ३७ टक्के. म्हणजे तीनांतले जवळजवळ दोन बिल्ड विनाकारण लाल, आणि आठवड्याभरात लाल रंगाकडे कुणी बघत नाही. प्रत्येक टेस्ट ९९.९ टक्क्यांवर आणली तरी शक्यता ८२ टक्केच.

फेलसेफमध्ये फेल झालेली टेस्ट ठरावीक वेळा पुन्हा चालवायची सोय आहे. एकदा पुन्हा चालवली की वरचा बिल्ड ९९ टक्क्यांहून जास्त वेळा हिरवा होईल. पण दोनशेत एकदा होणारी चूक खुद्द ॲपमध्ये असेल, म्हणजे दोन काउंटरवरून एकाच क्षणी एकच ठेव मोडली जाणं, तर तीही याच रांगेत लपेल. म्हणून आमचं मत असं : पुन्हा चालवा, पण मोजा. दुसऱ्यांदा पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये ‘फ्लेक’ म्हणून येते. अशांची संख्या मर्यादेपुढे गेली तर बिल्ड पाडायची सेटिंगही आहे. ज्या टेस्टचं कारण आठवड्यात सापडत नाही ती टॅग लावून मुख्य बिल्डमधून बाहेर काढा, रात्री वेगळी चालवा आणि तिच्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. नाव नसलेली टेस्ट तिथेच पडून राहते.

कारण शोधायचं तर पुरावा हवा. फेल होताच स्क्रीनशॉट, पानाचं एचटीएमएल, ब्राउझर कन्सोल आणि सर्व्हरचा लॉग असे चारही जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट फार तर काय झालं ते सांगतो. का झालं ते बहुतेक वेळा सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं.

प्रश्न : ओटीपी लागणाऱ्या टेस्टचं काय करायचं? आणि खरा डेटा वापरला तर चालेल का? (पणजी)

उत्तर : टेस्टमध्ये एसएमएस कंपनीच्या जागी एक छोटा नकली सर्व्हर उभा करा. ॲप त्याला खरी एसएमएस कंपनी समजून ओटीपी पाठवेल आणि टेस्ट तो तिथून वाचेल. वायरमॉक या साधनानं हे अर्ध्या दिवसात होतं. ‘१२३४ नेहमी चालेल’ अशी पळवाट ॲपच्या कोडमध्ये कधीही घालू नका. ती एक दिवस प्रॉडक्शनला जाते. पेमेंट गेटवेचंही असंच करा, आणि त्यांच्या सॅंडबॉक्सशी (चाचणीसाठी दिलेल्या सर्व्हरशी) खरी बोलणी करणाऱ्या चार-पाच टेस्ट रात्री वेगळ्या चालवा. त्यांचा सर्व्हर बंद असला म्हणून तुमचा बिल्ड पडायला नको.

खातेदारांचा खरा डेटा नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, शिवाय फेल झालेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट जेंकिन्सवर टीममधला प्रत्येक जण बघतो, त्यात कुणाचाही पॅन किंवा शिल्लक दिसता कामा नये. डेटा कोडनं तयार करा. पॅनची रचना पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर अशी असते आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’ येतं. ॲप हे तपासत असेल तर बनवलेला डेटाही त्या नियमात बसवावा लागतो.